काळ्या वायरचा फेज

काल धायरीत एक जुना बोर्ड उघडला, तर जळक्या वायरचा वास आला आणि वारज्यातला तो फ्लॅट आठवला. तिथे लाल वायर संपली, म्हणून मी गीझरचा फेज काळ्या वायरने ओढला होता. वर लाल टेप गुंडाळायचाही कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या साठेकाकांनी ती काळी बघून न्यूट्रल, म्हणजे बिनकरंटची, समजून धरली आणि शॉक बसून ते मागे भिंतीवर आदळले.

घरमालक म्हणाले, "अहो, आपण वायरमनच ना?"

काका ओशाळून हसले. मी खाली बघत स्क्रू वेचत राहिलो.

जिना उतरताना ते हात चोळत सहज म्हणाले, "तू ओढलेली होती, म्हणून टेस्टर लावला नाही."

ते रागावले नाहीत, म्हणून तेव्हा मला हायसं वाटलं होतं.