चंचीतल्या गोळ्या

पान-सुपारीची ती कापडी चंची अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळी सरकारी दवाखान्यातून वर्दी आली. वरवट बकालकडची एक म्हातारी रक्ताच्या उलट्या होऊन भरती झाली होती, शुद्धीवर नव्हती. पाठोपाठ तिचा मुलगा ठाण्यात हजर. "सायेब, माह्या बायकोनंच चहात काईतरी घातलं. दोघीचं पटतच नाई."

सुनेला बोलावून घेतलं. महिला शिपायासमोर दोन तास विचारपूस केली, पण बाई हूं की चूं करीना. फक्त एकदा तिनेच विचारलं, "आत्याबाईची चंची कुठी हाय?" आत्याबाई म्हणजे सासू. हिला पुरावा नाहीसा करायचाय, असं मी खुशाल ठरवून टाकलं. खात्यात केस पांढरे झाले की माणसाला स्वतःचा अंदाज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ वाटायला लागते.

त्यांच्या घरी जाऊन पंचांसमक्ष चंची उघडली. सुपारी, कात, अडकित्ता आणि गोळ्यांची अर्धी पट्टी. ती डॉक्टरांना दाखवली. अ‍ॅस्पिरिनच्याच कुळातली, सांधेदुखी-अंगदुखीवरची गोळी. रोज उपाशीपोटी घेतली तर जठरातून रक्त जाऊ शकतं, असं ते म्हणाले.

पट्टी समोर ठेवली तेव्हा सून रडली. "कापूस वेचाले वाकनं होत नाई त्यायच्यानं. संग वेचनारीले डॉक्टरनं देल्या होत्या, त्यातल्याच घेत. गोळी आंधी, भाकर मागून. ह्यायले समजलं त वावरात जाऊ देनार नाई, म्हून मले शपथ घातली होती."

"मग दवाखान्यात तरी सांगायचं."

"ह्यायच्या म्होरं कसं सांगू? चंची डॉक्टरच्या हाती देली असती, त मले बोला लागलं नसतं."

माझी मान खाली गेली. शपथ न मोडता सासूला वाचवायची वाट तिने शोधली होती आणि मी तिलाच बाकावर बसवून ठेवलं होतं. डॉक्टरांचे दोन तास माझ्यामुळे वाया गेले, याची टोचणी आजही आहे.

म्हातारी वाचली. तिसऱ्या दिवशी जबाब घ्यायला गेलो, तर तिनेच आधी विचारलं, "माह्या सुनेले काऊन बसवलं, सायेब?" मुलगा उशाशी उभा होता.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, गप्प बसलेल्या माणसाला 'काय लपवतोस' असं मी कधी विचारलं नाही. 'कोणाचा शब्द पाळतोस' असं विचारत आलो.