मोठेबाबांचं रंगांचं कार्ड

मोठेबाबा कोणतीही वस्तू घेण्याआधी इतकी चौकशी करायचे, की तोवर ती बाजारातून नाहीशी व्हायची. साधा पंखा घ्यायला त्यांना दोन उन्हाळे लागले. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ अकोल्याला चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्तीनंतर गुडघे गेले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ते अडकले. खिडकीतून शेजारची भिंत तेवढी दिसायची. जग बघायचं ते एका जुन्या कम्प्युटरच्या पडद्यावर.

त्याच कम्प्युटरवर ते दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी विहाराचा बॅनर करत. एका वर्षी त्यात पंचशील ध्वजाचे पट्टे चुकले. लालच्या जागी केशरी आला आणि केशरीच्या जागी लाल. मास्तरांना कोण बोलणार? मंडळींनी बॅनर मुकाट्याने उतरवला आणि पुढच्या वर्षी बाहेरून करून घेतला. मोठेबाबांनी दोष कम्प्युटरला दिला. त्यावर रंग फिके दिसायचेच, तेव्हा आम्हालाही ते पटलं. रंगांचं नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं की बॅनर परत आपल्याकडे येईल, असं ते म्हणू लागले.

मग सुरू झाली कार्डाची चौकशी. मी दर रविवारी अमरावतीहून जायची आणि चहा हातात पडण्याआधीच त्यांच्या तावडीत सापडायची. स्वस्तातलं घ्यावं तर त्याचा पंखा आवाज करेल. बिनपंख्याचं तापेल. वापरलेलं घ्यावं तर कोणी किती राबवलंय काय माहीत. मोठं कम्प्युटरच्या डब्यात मावणार नाही, आणि मावलंच तर आतली वीज त्याला पुरणार नाही. एकदाचं घेऊन टाका, असं मी वैतागून म्हणायची.

"घाई कावून करून राहिली वं? पुरी चौकशी होऊ दे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

दोन वर्षांचे रविवार मी त्या खोलीत असे काढले. उठून पळावंसं वाटायचं, आणि त्यांना सोडून जाववतही नव्हतं.

शेवटी माझाच धीर सुटला. डब्याचं माप घेतलं, एक साधं, परवडणारं कार्ड आणलं आणि स्वतःच्या हाताने बसवलं. ते नको नको म्हणत होते; मला वाटलं, हे नेहमीचंच. पडदा उजळला. वरूडच्या मैत्रिणीने पाठवलेला बागेचा फोटो मी लावला. पिकलेली संत्री बघून मीच हरखले.

मोठेबाबा पुढे वाकून बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे संत्रे अजून हिरवेच हायेत का वं?"

मी हो म्हटलं. तेवढंच एक खोटं मी त्यांच्याशी बोलले, आणि तेही टिकलं नाही.

"मास्तरले फसवतं का, बाई? हिरव्या संत्र्यावर कोनी हरखते का?" ते म्हणाले. "डॉक्टरनं कवाचंच सांगतलं, डोळ्यातून गेलेले रंग वापस येत नाईत. कार्ड आलं नवतं, तवरोक दोष कम्प्युटरचा होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनीच माझी पाठ थोपटली आणि मला आपल्या खुर्चीत बसवलं. पट्टे त्यांना तोंडपाठ होते. ते सांगणार, मी भरणार, आणि भरला की रंगाचं नाव मोठ्याने उच्चारणार, असं ठरलं. त्या वर्षी विहारावर आमचाच बॅनर लागला.

आता मोठेबाबा नाहीत. बॅनर मी करते. खोलीत कोणी नसतं, तरी केशरी भरून झाला की मी त्याचं नाव मोठ्याने म्हणते.