ईस्टरपासूनचं धूसर चित्र

जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातल्या एका गावात सिनेमाचं यंत्र एकतीस वर्षं गेर्लिंडेच चालवत होती. थिएटरच्या दारावर नुसतं 'लिश्टश्पीलहाउस'. शाळेची मुलं आली की ती या लांबलचक शब्दाची फोड करून सांगायची.

"लिश्ट म्हणजे प्रकाश, श्पील म्हणजे खेळ, हाउस म्हणजे घर. पूर्वी सिनेमा जत्रेतल्या तंबूत दाखवायचे, भली माणसं नाकं मुरडायची. नाटकाला मात्र मान. त्याला म्हणायचे शाउश्पील, बघायचा खेळ. तेव्हा सिनेमावाल्यांनी त्याच चालीवर हा शब्द केला, प्रकाशाचा खेळ. नाव भारदस्त झालं, पब्लिक तेच राहिलं."

आपणही सिनेमाचे खेळच म्हणतो, हे कळतं तर बाई खूश झाली असती.

पब्लिक तिखटच होतं. चित्र जरा धूसर झालं की खालून हाळी यायची, "गेर्लिंडे, झोपलीस का गं?" मग ती भिंग फिरवून चित्र लख्ख करायची.

पुढे तिचे डोळे बिघडले. कडेचं दिसे, पण नेमकं समोर डाग. परत यायची नाही ही नजर, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. नवरा गेल्यापासून तिला यंत्राच्या त्या खोलीशिवाय दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने हे कुणाला कळू दिलं नाही. रस्त्यात बेकरीवाल्या ओटमारला न ओळखताच पुढे गेली, तेव्हाही हसून वेळ मारून नेली. फिल्म ओवायला बोटं पुरत होती. आणि भिंग चुकलं तर खालचे ओरडतीलच, गप्प बसणारे का ते?

कोणी ओरडलं नाही. महिने गेले. डॉक्टरला काय कळतंय, असं ती मनाशी म्हणू लागली.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारच्या खेळाला कुणी परगावचा माणूस आला होता. दहा मिनिटांत तो वैतागला. "अहो, वर कोणी आहे का? चेहरेसुद्धा दिसत नाहीयेत."

अख्ख्या थिएटरने त्याला "श्श्श" करून गप्प केलं.

गेर्लिंडेने यंत्र बंद केलं, दिवे लावले आणि झरोक्यातून खाली विचारलं, "कधीपासून?"

ओटमार टोपी काढून उभा राहिला.

"ईस्टरपासून," तो म्हणाला. "पण आम्ही येत होतोच ना गं."