गंजलेल्या रिव्हॉल्व्हरचे बार

मी जहाजाच्या इंजिनरूममध्ये उमर घालवलेला माणूस. मशीन बंद पडली की कारण असतंच, ही माझी समजूत. भुतंखेतं, भास... असल्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो. म्हणून हे लिहिताना अवघड होतंय.

निवृत्तीनंतर रत्नागिरीत आलो. आरे-वारेच्या वर सड्यावर, कातळाच्या पठारावर आमचं घर, अंगणातून थेट दर्या दिसतो. छंद एकच – जुनी रिव्हॉल्व्हर्स. सगळी परवान्याची, सगळी निकामी केलेली. मला त्यांच्या रचनेचं वेड. आधीच्या रिव्हॉल्व्हरमधून रिकामी काडतुसं एकेक करून ढकलून काढावी लागायची. मग कुणाला तरी सुचलं, नळी बिजागरीवर खाली मोडली तर सगळी एकदम बाहेर पडतील. तसलं एक माझ्याकडे होतं. घोड्याची टोच कापलेली, नळी आतून वेल्ड केलेली, चाप गंजून घट्ट. मोडून उघडायचं तेवढं, बाकी काही हलत नव्हतं.

पावसाळ्यानंतर मासेमारीच्या बोटी नुकत्याच सुटल्या होत्या. माझा धाकटा भाऊ अल्ताफ आणि शेजारचा सादिक एकाच बोटीवर. वादळ आलं, बोट उलटली. बाकीचे खलाशी दुसऱ्या बोटीला सापडले, हे दोघे नाहीत. धुकट पावसात शोध थांबवला. "हवा सुधारली की बघू," शोधपथकवाले म्हणाले.

त्या दुपारी मी अंगणात उभा होतो. समोर नुसतं पांढरं. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तेच रिव्हॉल्व्हर पुसत बसलो होतो, तसंच हातात राहिलेलं. वाटलं, हे चालत असतं तर हवेत बार काढले असते... अल्ताफला किनारा कुठे ते तरी कळलं असतं. आणि मी वेड्यासारखा चाप ओढायला लागलो. तसूभर हलला नाही. ओढत राहिलो, बोट सोलवटलं तरी.

माझी बायको शाहिदा धावत आली. "अहो, काय करताय? द्या ते इकडे!"

आवाज झाला नव्हता. तिनेही ऐकला नाही. पण तिने ते हातातून घेतलं आणि नाकाजवळ नेलं.

"याला बंदुकीच्या दारूचा वास कसा येतोय?"

मी मोडून उघडलं. तेलाचा, गंजाचा नाही – जळक्या दारूचा ताजा वास.

संध्याकाळी अल्ताफ खडकात सापडला. जिवंत. शुद्धीवर आल्यावर पहिलं बोलला ते हे:

"भाई, बार कोन काढत होता? थांबून थांबून... मी त्या आवाजावर पोहत आलो."

"सादिक कुठाय?"

तो रडायला लागला. "एकाच ड्रमला धरून होतो. मी म्हटला, बार ऐक, किनारा तिकडे हाय. तो म्हनला, काय वाजत नाय, तुला भास होतोय. त्याला जयगड बंदराच्या क्रेन दिसत होत्या म्हने... ड्रम सोडून उलटा गेला."

नंतर ओळखीच्या बंदूक दुरुस्तीवाल्याला रिव्हॉल्व्हर दाखवलं. वेल्डिंग शाबूत. "यातून वारासुद्धा जायचा नाही," म्हणाला.

सादिक सापडला नाही. त्याची आई, हलीमाखाला, एका सकाळी दारात उभी राहिली. अल्ताफने तिला सगळं सांगितलं होतं.

"नासीर, तुझ्या भावासाठी केलास तसा माझ्या पोरासाठी पन कर."

"खाला, ते चालत नाही..."

"तेव्हा तरी कुठं चालत होता?"

मी तिला अंगणात घेऊन गेलो. चाप ओढला. पुन्हा ओढला. दर्या लख्ख दिसत होता, एक होडी नव्हती. ती माझ्या दंडाला धरून उभी.

"जाईल ना रे ऐकू त्याला?"

"जाईल," मी म्हणालो. वास घ्यायचं धाडस झालं नाही.

संग्रह मी पोलिसात जमा केला, हे रिव्हॉल्व्हरही. अल्ताफ आता दर्यावर जात नाही. एकाला ऐकू आलं ते हातभर अंतरावरच्या दुसऱ्याला का नाही... हे खाला अजून विचारते. मी इंजिनियर माणूस, काहीतरी कारण सांगायला तोंड उघडतो, आणि तिला चहा घेणार का विचारतो.