आईच्या आग्रहाचा साप

मी आजवर जेवढा साप खाल्लाय, तो सगळा माझ्या आईच्या आग्रहाखातर खाल्लाय. आणि माझी आई शुद्ध शाकाहारी आहे.

आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, सनीव्हेलला आली, तेव्हा सुरुवातीचे दिवस तिनं खिडकीतून पार्किंग लॉट बघण्यात काढले. "गाड्या येतात, गाड्या जातात. माणसं कुठं असतात रे इथली?" मी आणि माझी बायको स्नेहल ऑफिसात, मुलगी रिया शाळेत, मग आईशी बोलणार कोण? शेवटी एकदा जेवताना तिनं विचारलं, "माझं तिकीट जरा अलीकडचं करून मिळतं का बघ ना." किती वर्षं मिनतवाऱ्या करून तिला आणलं होतं!

तेवढ्यात डोरोथी भेटली. ती आमच्या खालच्या मजल्यावर एकटी राहायची. मूळची टेक्ससची, सत्तरी उलटलेली, आणि हसली की वरच्या मजल्यापर्यंत ऐकू यायची. लाँड्री रूमबाहेरच्या बाकावर दोघी तासन्‌तास गप्पा मारायला लागल्या. आई मराठीत, डोरोथी इंग्रजीत! तरी डोरोथीच्या सुनेबद्दल आईला इतकं माहीत होतं, की तेवढं डोरोथीच्या मुलालाही नसेल. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

एका शनिवारी डोरोथीनं दारात माझ्या हातात रश्शाचा गरम डबा ठेवला. "चिली! माझा भाऊ टेक्ससहून मांस पाठवतो. रॅटलस्नेक!"

म्हणजे साप. शेपटीचा खुळखुळा वाजवणारा, ज्याला बघून शहाणी माणसं पळतात, तो! मी काय म्हणायला हवं होतं? 'नको.' मी काय म्हणालो? "वॉव! वी लव्ह इट!" (कॉर्पोरेट नोकरीत राहून दुसरं काय शिकणार?)

"काय दिलं रे डोरोथीताईंनी?" आईनं आतून विचारलं.

"रस्सा आहे. पण... मांस आहे त्यात."

कसलं, ते सांगायची माझी छाती झाली नाही. आमच्या साताऱ्याकडच्या गावात आई नागपंचमीला न चुकता वारुळाला जाते. नागाला ती भाऊ मानते. तिच्या भावाची डोरोथीच्या भावानं चिली केली, हे कळलं असतं तर मैत्री संपली, बाक संपला आणि आई पुढच्या विमानानं परत!

"मग तू खा," आई म्हणाली. "आणि डबा धुऊन दे, मी करंज्या भरते. कुणाचा डबा रिकामा पाठवायचा नसतो."

"टाकून देतो गं, मला भूक नाही."

"टाकून? त्या बाईनं एवढं राबून केलेलं? बस इथं!"

ती समोर खुर्ची ओढून बसली. मी डोळे मिटून पहिला घास गिळला. रियानं चमचा बुडवून चाटला आणि निकाल दिला, "बाबा, इट्स जस्ट चिकन. विथ मोर बोन्स." स्नेहल उठून बाल्कनीत गेली आणि मी संपवेपर्यंत आत आली नाही.

करंज्या गेल्या आणि डबा परत आला. डबा रिकामा पाठवू नये हे टेक्ससमध्येही पाळतात, हे मला कुणी सांगितलं होतं? करंज्यांच्या बदल्यात तळलेला साप आला. बेसनाचे लाडू गेले, सापाचा स्ट्यू आला. चकल्या गेल्या, तेव्हा तर दोन डबे आले! आणि आई हातात डाव घेऊन उभी. "अजून वाढू? आवडतंय ना? डोरोथीताईंना सांगते हं मी." ऑफिसच्या शटलमध्ये कुणी विचारलं, लंचला काय आणलंस, की मी "लेफ्टओव्हर्स यार" म्हणून खिडकीबाहेर बघायचो.

अशात नागपंचमी आली आणि आईनं डोरोथीला जेवायला बोलावलं! त्या दिवशी आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत, म्हणून तिनं पुरणाचे दिंड उकडले. पाट नव्हता, तर तिनं चॉपिंग बोर्डावर (त्याला नाहीतरी त्या दिवशी सुट्टीच होती) हळदीनं झकास नागोबा काढला आणि लाह्या वाहिल्या.

डोरोथी फॉइलनं झाकलेला भलामोठा ट्रे घेऊन आली. नागोबा बघितला आणि आनंदानं ओरडली, "ओ माय! यू लव्ह देम टू!" तिनं फॉइल काढलं. आत वेटोळं घातलेला अख्खा साप होता. बार्बेक्यू सॉससकट!

आईनं ट्रेकडे बघितलं, नागोबाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रोज हेच असायचं डब्यात?"

"हो."

"आणि तू खात होतास?"

"तूच तर आग्रह करत होतीस!"

"मी डबा संपव म्हटलं होतं. साप खा म्हटलं होतं?"

डोरोथीचं हसू मावळलं. "डिड आय डू समथिंग राँग?" तिनं इतक्या हळू विचारलं की मला भडभडून आलं. आता ही दोघींची शेवटची भेट, असंच वाटलं मला.

आई उठली. तिनं डोरोथीला कुंकू लावलं, हात धरून खुर्चीवर बसवलं आणि तिच्या ताटातल्या दिंडावर तुपाची धार सोडली. "तिला बिचारीला काय ठाऊक? भावाकडनं आलेलं तिनं माझ्या पोराला मायेनं रांधून घातलं. तिचा काय दोष?" आईचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

मग ती माझ्याकडे वळली. "तू मात्र नाक घास नागोबापुढं!"

घासलं. चॉपिंग बोर्डावर! वर डोरोथीनं ही काहीतरी सुंदर प्रथा समजून फोटोही काढला.

"आणि या ट्रेचं काय?" मी नाकाची हळद पुसत विचारलं.

"आज सण आहे. उद्या खा."

"आई!"

"अन्न टाकायचं नाही."

डोरोथी आता भावाकडे टेक्ससला राहायला गेलीय. गावी परतलेल्या आईचे गुडघे आता एवढा प्रवास करू देत नाहीत. आमच्या दारात कुणी डबा घेऊन येत नाही, आणि मला दोघींची फार आठवण येते. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात चार मित्र जमले की आयांचे विषय निघतात, सगळे हळवे होतात. कुणाला आईच्या हातची पुरणपोळी आठवते, कुणाला थालीपीठ. तोंडाला पाणी माझ्याही सुटतं, पण मी आपला गप्प बसतो. आईची आठवण आली की मला साप खावासा वाटतो, हे चारचौघांत सांगू कसं!