पाच नंबरच्या वॉर्डाची लाइन

भित्र्या माणसांकडे किस्से जास्त साठतात. धीट माणूस काम उरकून घरी जातो, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. आम्ही चौघे रोज एका जीपमधून शहराबाहेर, आनेकल गावाच्या पलीकडे जायचो आणि चौघेही पक्के भित्रे होतो. मग किस्स्यांना काय तोटा!

आनेकलच्या पुढं माळावर टीबीचं सॅनेटोरियम होतं. इमारती एकमेकींपासून लांब लांब, मधे नाचणीची शेतं. एखाद्या पेशंटला रक्ताची उलटी झाली की सिस्टर डॉक्टरांना बोलवायला शेतातून पळत सुटायची. म्हणून सगळ्या इमारती टेलिफोननं जोडायच्या ठरल्या. ऑफिसात छोटा स्विचबोर्ड आणि तिथून प्रत्येक वॉर्डाला तार. साहेब होते कुलकर्णी, बेळगावकडचे इंजिनिअर. नकाशे काढायला मी, शहरातल्या चामराजपेटेतला ड्राफ्ट्समन. खांबावर चढून तारा ओढायचे ते गणोजीराव, तेही आमच्याच पेटेतले, वयानं सगळ्यांत मोठे. आणि ड्रायव्हर मुनियप्पा.

साठच्या दशकाची सुरुवात होती. टीबीवर औषधं आली होती, पण ते डॉक्टरांना ठाऊक. आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच, की पेटेत ज्याच्या घरी टीबी निघे त्याच्या दारावरून लोक पलीकडच्या कडेनं जात.

*

मुनियप्पाचं म्हणणं, फाटकापासून ऑफिसपर्यंत श्वास घ्यायचाच नाही. पण श्वास कोंडला की त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जाई. रोज सकाळी आम्ही सॅनेटोरियममध्ये दरोडा घालायला आल्यासारखे शिरायचो.

एकदा मधे बैलगाडी आडवी आली. त्यानं जीप सरळ नाचणीत घातली आणि थांबताच उडी मारून नाक दाबून फाटकाबाहेर पळाला, श्वास घ्यायला. शेताच्या मालकाच्या शिव्या खायला आम्ही तिघे उरलो. कुलकर्णी साहेबांना तेव्हा कन्नड बेताचंच येई, त्यामुळं ते प्रत्येक शिवीला ‘सरी, सरी’, म्हणजे ‘बरोबर, बरोबर’, म्हणत राहिले.

*

तिथले मोठे डॉक्टर फार सज्जन. एका बुधवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. कुलकर्णी साहेब म्हणाले, माझा उपवास आहे. मी म्हटलं, माझाही. गणोजीरावांचाही निघाला. बोलणं इंग्रजीत होतं, मुनियप्पाला कळलं नव्हतं, पण त्यानंही पोटावर हात ठेवून मान हलवली.

डॉक्टरांनी विचारलं, “बुधवारी कोणत्या देवाचा उपवास असतो?”

साहेब म्हणाले, “बेळगावकडे असतो, सर.”

संध्याकाळपर्यंत चौघेही उपाशी. आनेकलच्या हॉटेलात इडल्या आल्या तेव्हा कुणी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

*

माझी मुलगी तेव्हा रांगत होती. घरी मी सांगितलं होतं की शेतकी शाळेत काम चाललंय. घरी गेलो की आधी परसात जाऊन अंगावर पाणी ओतायचं, मगच तिला उचलायचं. बायको म्हणे, शेतकी शाळा एवढी मळकी असते होय? मग तिनं फ्लॉवरचं बी मागितलं. शाळेत चांगलं मिळत असेल ना, म्हणाली. मी ते मार्केटातून विकत आणून दिलं. तिनं ते शेजारीपाजारी वाटलं आणि चामराजपेटेतल्या निम्म्या बायका माझ्याकडे बी मागायला लागल्या. मला रात्री झोप लागत नसे ती मात्र बियांमुळं नव्हे.

*

आता नकाशाचं. पाच नंबरचा वॉर्ड सगळ्यांत वाईट पेशंटांचा. ऑफिसातून तो सरळ दिसत असे, चार खांबांत लाइन गेली असती. मी काढलेली लाइन मात्र आधी स्वयंपाकघराला, मग धोबीघराला, तिथून तळ्याला वळसा घालून मागच्या बाजूनं पाचाकडे जात होती. टेलिफोन दाखवला होता वॉर्डाबाहेर, चिंचेच्या झाडाखाली. साहेबांनी नकाशा बघितला, “छान आलाय,” म्हणाले आणि सही केली.

डॉक्टर नकाशावर बराच वेळ वाकून बघत राहिले. मग विचारलं, “वारा कोणत्या बाजूनं येतो ते तुम्ही आधी बघितलंत ना?”

खरंच बघितलं होतं. मी लाइन पुन्हा काढली, सरळ, वॉर्डाच्या आतपर्यंत. ती काढताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

*

टेस्टिंगचा तर कळसच. तार ओढली की एका टोकाला साहेब आणि दुसऱ्या टोकाला मी, फोनवर बोलून बघायचं. माउथपीसला तोंड लावायचं म्हणजे जिवावर येई. दोन नंबरच्या वॉर्डातून मी बोललो तर साहेबांना काहीच कळेना, साहेब बोलले तर मला कळेना. लाइन खराब! गणोजीरावांना पुन्हा खांबावर चढवलं. एकेक जोड सोडून त्यांनी परत बांधला. तरी तेच. शेवटी ते धापा टाकत माझ्यापाशी आले आणि बघतात तर काय, मी माउथपीसवर धोतराचा चौपदरी तुकडा बांधलेला. ऑफिसात गेले तर साहेबांनी टॉवेल गुंडाळलेला, वर कापराची वडी.

गणोजीराव हसायला लागले. हसता हसता खोकला आला, तो लवकर थांबेना.

*

तो खोकला आम्ही आधीही ऐकला होता. ते म्हणायचे, “स्वल्प धूळ गेली रे अण्णा.” मग मुनियप्पानं जीपच्या मागचं कापड काढून टाकलं, हवा खेळावी म्हणून. साहेब पुढं बसायला लागले. मी साहेबांना चिकटून. मागं गणोजीराव एकटे.

मी त्यांना म्हटलं, इथं डॉक्टर आहेत, एकदा दाखवा. ते म्हणाले, “तीन पोरी उजवायच्या आहेत. बापाला टीबी म्हटल्यावर कोण दारात उभं राहील?” त्यानंतर डॉक्टर लांबून येताना दिसले की गणोजीराव लगबगीनं खांबावर चढत. वर गेलं की तोंड तारेकडे, पाठ आमच्याकडे. एवढ्या उंचीवरचं खोकणं खाली ऐकू येत नसे. आम्ही कुणाला काही बोललो नाही. आम्हाला त्यांची भीती वाटत होती आणि त्यांच्यासाठीही वाटत होती, दोन्ही खरं.

*

शेवटची लाइन पाचाची. आत जाऊन फोन कोण बसवणार हे कुणी विचारलंच नाही, गणोजीराव पिशवी उचलून चालायला लागले.

ऑफिसात आम्ही स्विचबोर्डाभोवती उभे होतो. घंटी वाजली. डॉक्टर म्हणाले, ही लाइन मी बघतो. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला आणि गणोजीरावांना कन्नडात सांगितलं, काहीतरी बोलत राहा. ते बोलायला लागले. तिथं वर चढून बसायला खांब नव्हता. थोड्याच वेळात खोकला आला.

डॉक्टरांनी डोळे मिटले. खोकला थांबल्यावर म्हणाले, “पुन्हा खोका बघू.”

साहेबांनी खुशीत विचारलं, “आवाज स्वच्छ येतोय ना, सर?”

“फार स्वच्छ येतोय,” डॉक्टर म्हणाले. मग फोनवर म्हणाले, “गणोजीराव, तिथंच थांबा. छातीचा फोटो काढल्याशिवाय मी तुम्हाला जीपमध्ये बसू देणार नाही.”

बाहेर मुनियप्पानं जीप सुरू केली होती. डॉक्टरांनी थोडं ऐकलं आणि रिसीव्हर आमच्यापुढं धरला, तुमच्याशी बोलायचं म्हणतात, म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी साहेबांकडे. लाइन इतकी चांगली लागली होती की कानाला न लावताही सगळं ऐकू येत होतं.

“अण्णा, मला सोडून जाऊ नका रे. मी मागं उभा राहून येतो.”