यंत्रासाठी आलेला पंखा

माझं शिक्षण झालं ते सखाराममामांमुळे. कारखान्यात सुटे भाग घासून चकचकीत करणाऱ्या चाकापुढे, तोंडाला रुमाल बांधून, त्यांनी उभं आयुष्य काढलं आणि मला घरातला पहिला पदवीधर केलं. त्याच कारखान्यात आज मी इंजिनिअर आहे.

परवा तिथे माणसांच्या शेजारी उभा राहून काम करणारा रोबो आला. त्याच्याही आधी, त्याच्यासाठी, धूळ ओढून घेणारा पंखा आला.

"सांध्यांत धूळ गेली तर निकामी होईल तो," मॅनेजर म्हणाले.

शेजारच्या चाकावरच्या सहदेवने तोंडावरचा रुमाल खाली केला. "जावईबापूंना धूळ सोसत नाही, साहेब. आम्ही काय, घरचेच!"

सगळे हसले. मला हसता येईना. मामा वर्षानुवर्षं हाच पंखा मागत होते आणि दर वेळी "बघू" एवढंच ऐकून परत येत होते. आता जिना चढताना त्यांना दोनदा थांबावं लागतं. म्हणजे धूळ काय करते, हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं! फक्त माणसाच्या छातीसाठी कुणी पंखा आणला नाही.

संध्याकाळी मी पत्र लिहिलं:

"ती. मामांस साष्टांग नमस्कार. तुमचा पंखा बसला, पण रोबोला. सहदेवच्या चाकालाही तो हवा, असा अर्ज मी आज दिला. अर्जदारांत पहिलं नाव तुमचं घातलं आहे. 'ते तर कधीच निवृत्त झाले,' मॅनेजर म्हणाले. मी म्हटलं, 'मागणी त्यांचीच आहे.'"